एल्मरचं गणित सुटत नाही? सॉल्व्हर सोडा, आधी सांधा तपासा

एल्मर हे उष्णता, विद्युतप्रवाह यांसारखी गणितं संगणकावर सोडवणारं सिम्युलेशन सॉफ्टवेअर. त्यात गणित अडलं की बहुतेकांचा हात आधी सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या भागाच्या, सेटिंगकडे जातो. इटरेशन (फेऱ्या) ५०० ची ५००० करा, प्रीकंडिशनर बदला, टॉलरन्स (चालेल इतकी चूक) सैल करा. असले सल्ले सगळीकडे मिळतात आणि माणसं त्यात आठवडा घालवतात, हे मी फार वेळा पाहिलंय. स्थिर अवस्थेतल्या उष्णतेच्या किंवा विद्युतप्रवाहाच्या साध्या गणितात सॉल्व्हर अडला, तर बहुतेक वेळा तो खरं तेच सांगत असतो: तुम्ही मांडलेल्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही.

उदाहरण साकीनाक्याच्या किंवा भांडुपच्या कुठल्याही पॅनेलवाल्या गाळ्यातलं घेऊ. तांब्याच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ५० बाय ६ मिलिमीटर, एकावर एक चढवून बोल्टने आवळलेल्या, आणि त्यातून ५०० अँपिअर. किती तापतील? एल्मर, जीमॅश (आकाराचे बारीक तुकडे, म्हणजे मेश, करणारं) आणि पॅराव्ह्यू (उत्तराचं चित्र दाखवणारं) तुमच्याकडे चालू आहेत असं धरतो.

१. आधी कागदावर उत्तर काढा

ही पायरी गाळू नका. एक मीटर पट्टीचा रोध साधारण ५७ मायक्रोओहम. ५०० अँपिअरला त्यात सुमारे १४ वॅट उष्णता तयार होते आणि टोकापासून टोकापर्यंत २९ मिलिव्होल्ट पडतात. पट्टीचा परीघ ११२ मिलिमीटर. हवेकडे आणि किरणोत्सर्गाने मिळून चौरस मीटरमागे दर अंशाला १० वॅट जातात असं धरलं, तर तापमानवाढ १३ अंशांच्या आसपास येते. मुंबईच्या मे महिन्यात बंद पॅनेलच्या आतली हवा मी ४५ अंश धरतो, म्हणजे पट्टी ५८ च्या आगेमागे. ही अखंड पट्टीची गोष्ट झाली, पण आकडा कुठल्या घरात असायला हवा हे आता तुम्हाला माहीत आहे. सिम्युलेशनने ४५.०१ किंवा ९०० दाखवलं तर त्यावर क्षणभरही विश्वास ठेवायचा नाही.

२. मिलिमीटर की मीटर

एल्मरला एककं कळत नाहीत, ते फक्त आकडे गुणतं. मिलिमीटरमधली मेश तशीच दिलीत तर तुमची पट्टी ५० मीटर रुंद होते आणि तेच २९ मिलिव्होल्ट लावले तरी ती जवळजवळ तापतच नाही. एल्मरग्रिडला (मेश एल्मरच्या रूपात आणणाऱ्या प्रोग्रामला) स्केल ०.००१ तिन्ही दिशांना द्या आणि पुढे चला.

३. दोन पट्ट्या खरंच जोडल्यात का?

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इथेच. इतरांच्या फाइल दुरुस्त करतानाही दहातल्या बहुतेक इथेच अडकलेल्या असतात.

कॅडमध्ये दोन पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या दिसतात. पण टेकणं वेगळं आणि जोडलेलं असणं वेगळं. जीमॅश दोन्हींची मेश स्वतंत्रपणे करतं. मग सांध्यावर एकाच जागी दोन पृष्ठभाग तयार होतात, नोड (मेशचे बिंदू) वेगवेगळे, आणि एकीकडून दुसरीकडे ना प्रवाह जातो ना उष्णता. ज्या पट्टीला व्होल्टेजची एकही अट मिळालेली नाही ती अधांतरी राहते. मॅट्रिक्स सिंग्युलर होतं, म्हणजे समीकरणांना एकच उत्तर उरत नाही, आणि इटरेटिव्ह (फेऱ्या मारत सोडवणारा) सॉल्व्हर रेसिड्युअल, म्हणजे उरलेली चूक, खाली आणू शकत नाही. दोन्ही टोकांना व्होल्टेज ठरवलेलं असेल तर प्रकरण जास्त धोकादायक होतं: गणित सुटतं, चित्र छान रंगीत येतं आणि प्रवाह मात्र शून्य असतो.

ओळखायचं असं. सगळं भौतिकशास्त्र बाजूला ठेवा. फक्त उष्णतावहन, एका टोकाला तापमान १, दुसऱ्याला ०, बाकी काही नाही. उत्तर सांध्यातून सलग उतरत गेलं पाहिजे. एक पट्टी पूर्ण १ आणि दुसरी पूर्ण ० दिसली, तर सांधा तुटलेला आहे.

याहून पक्की खूण मेश डॉट बाउंड्री नावाच्या फाइलमध्ये असते. साध्या एडिटरमध्ये ती उघडा. प्रत्येक ओळीत आधी अनुक्रमांक, मग बाउंड्रीचा क्रमांक, आणि त्यानंतर दोन आकडे: त्या पृष्ठभागाच्या दोन बाजूंचे एलिमेंट (मेशचे तुकडे). बाहेरच्या पृष्ठभागाला दुसरा आकडा ० असतो आणि तो तसाच असायला हवा. सांध्याच्या पृष्ठभागाला मात्र दोन्ही आकडे हवेत. तिथे ० दिसला की शोध संपला.

उपाय कॅडमध्येच करायचा. टेकणारे पृष्ठभाग एकच सामाईक करायचे. आकार फ्रीकॅडमध्ये काढला असेल तर बूलियन फ्रॅगमेंट्स वापरा आणि मोड कॉम्पसॉलिड ठेवा. जीमॅशमध्ये असेल तर ओपनकॅस्केड कर्नल घेऊन त्याच कामाची कोहिरन्स ही आज्ञा चालवा. यानंतर पृष्ठभागांचे क्रमांक बदलतात, म्हणून फिजिकल ग्रुप (अटी लावण्यासाठी भागांना दिलेली नावं) नेहमी यानंतरच बनवायचे, आधी कधीच नाही.

एल्मरग्रिडचा मर्ज पर्याय वापरून नोड चिकटवा, असं काही जण सांगतात. दोन्ही बाजूंचे नोड नेमके एकमेकांवर पडत असतील तरच तो उपयोगी आहे. ते पडत नसतील आणि तुम्ही अंतराची मर्यादा वाढवत नेलीत, तर बारीक एलिमेंट चेपले जातात आणि नवीच आजारपणं सुरू होतात. बोल्टच्या सांध्याला खरा संपर्करोध असतो, हे कबूल. पण तो आकडा देऊन, मुद्दाम घालायचा असतो. चुकून तुटलेली मेश म्हणजे संपर्करोध नव्हे.

४. बाउंड्रीचे क्रमांक

एल्मरग्रिडचा ऑटोक्लीन पर्याय क्रमांक १ पासून नव्याने लावतो. जीमॅशमधला १२ सिफ फाइलमध्ये (एल्मरला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये) १२ राहीलच असं नाही, तेव्हा क्रमांक पॅराव्ह्यूमध्ये जॉमेट्री आयडीनुसार रंग देऊन बघा. जिथे अट दिली नाही तिथे एल्मर गुपचूप शून्य फ्लक्स (आरपार काहीच जात नाही असं) धरतं, म्हणजे तो भाग पूर्ण उष्णतारोधक. एखादा पृष्ठभाग सुटला तर कुठलीही एरर येत नाही, पट्टी फक्त जास्त तापलेली दिसते. आणखी एक: जीमॅशमध्ये एकही फिजिकल ग्रुप केलात की फक्त ग्रुपमधलेच भाग फाइलमध्ये जातात, त्यामुळे घनभागांचे ग्रुपही करा.

५. आता सॉल्व्हर

मॉडेल लहान असेल तर डायरेक्ट (फेऱ्या न मारता थेट सोडवणारा) सॉल्व्हर घ्या, उमफपॅक पुरे. त्यातही तापमान दहाचा बारावा घात वगैरे आलं तर तिसऱ्या पायरीवर परत जा. लिनिअर सिस्टिम अबॉर्ट नॉट कन्व्हर्ज्ड, म्हणजे उत्तर जुळलं नाही तर थांबवणारा पर्याय, काही जण बंद करून टाकतात. करू नका. न सुटलेलं उत्तर पुढच्या टप्प्यात घुसतं आणि मग मूळ कुठे होतं ते सापडत नाही.

६. भौतिकशास्त्र एकेक करून परत आणा

आधी एकटा विद्युतप्रवाह. लॉगमध्ये टोटल हीटिंग पॉवर छापली जाते, ती कागदावरच्या आकड्याशी ताडा. मग उष्णता जोडा. सिफ फाइलच्या बॉडी फोर्स भागात जूल हीट (प्रवाहामुळे होणारी उष्णता) चालू केली नसेल तर पट्टी गार राहते. किरणोत्सर्ग घातलात तर तापमान केल्विनमध्येच द्या, कारण तिथे चौथा घात आहे.

शेवटी तापमानानुसार बदलणारी वाहकता. तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो, इतकं सौम्य नातं थोड्याच फेऱ्यांत जुळतं. जुळत नसेल तर रिलॅक्सेशन फॅक्टर (दर फेरीत नव्या उत्तराकडे किती सरकायचं ते) ०.१ करून लॉगला शांत करू नका. एल्मर सहसा दोन फेऱ्यांमधला फरक मोजतं. पावलंच लहान केलीत तर फरकही लहान दिसणार आणि उत्तर आलं नसताना आल्यासारखं वाटणार. त्याऐवजी प्रवाह ५०० वरून ५० अँपिअरवर आणा. तापमानवाढ जवळपास शंभर पटीने कमी व्हायला हवी. ती झाली नाही तर वाहकतेचं सूत्र तपासा, आणि त्यात सेल्सिअसच्या जागी केल्विन गेलेलं नाही ना, हेही बघा.