छत बघायला शिकताना: भूमिगत कोळसा खाणीत नव्याने येणाऱ्यांसाठी

मायनिंगची पदवी किंवा डिप्लोमा घेऊन नागपूर-चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणीत येणाऱ्या पोरांना खडकाची ताकद मेगापास्कलमध्ये तोंडपाठ असते. पण आपलं छत थरांचं. वालुकाश्म, शेल (गाळाचा पापुद्र्यांचा खडक), मध्येच चिकणमातीचा पातळ पट्टा. खडक चांगला कठीण असला, तरी थर एकमेकांपासून सुटले की चाल पडते, म्हणजे छत कोसळतं.

सुटलेला थर म्हणजे दोन टोकांवर टेकलेली तुळई. गॅलरी, म्हणजे कोळशातून काढलेला बोगदा, दुप्पट रुंद केली की थराच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो. थर निम्म्या जाडीचा असेल तर दुप्पट. 4.8 मीटरच्या गॅलरीत निमूट असलेलं छत जंक्शनवर, म्हणजे दोन गॅलऱ्या मिळतात तिथे, का त्रास देतं? तिथला कर्ण जवळपास 6.8 मीटर भरतो. राउंडला जंक्शन सावकाश बघा, अर्थात सपोर्ट असलेल्या छताखाली उभं राहून.

सीएमआरआय-आरएमआर, म्हणजे छताच्या खडकाला गुण द्यायची आपल्याकडची पद्धत. ते काढताना 100 पैकी 30 गुण थराच्या जाडीला आहेत, 25 भेगा-स्लिपसारख्या रचनेला, 20 ओलाव्याने खडकाचा कितपत भुगा होतो त्याला. ताकदीला फक्त 15 आणि पाझराला 10. नजर आधी कुठे जायला हवी, ते या वाटणीतच आलं.

शेलचं छत असेल तर पावसाळा वेगळा धरा. इनटेकने, म्हणजे ताजी हवा आत आणणाऱ्या वाटेने, दमट हवा आत येते आणि शेलचे पापुद्रे सुटू लागतात. मे महिन्यातला आरएमआर ऑगस्टमध्ये डोळे झाकून वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही ठिकाणी म्हणूनच शेलखाली कोळशाचा थर मुद्दाम सोडतात.

जुन्या सिरदारासोबत, म्हणजे आपल्या भागातली सुरक्षा तपासणाऱ्या माणसासोबत, फिरा. तो एका हाताने छत ठोकतो, दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून कंप बघतो. खणखणीत आवाज आला तर छत धरून आहे, बद्द आला तर सुटलंय. मात्र वरचा जाड थर सुटला असेल तर आवाज फसवतो. तिथे टेल-टेलच हवी, म्हणजे छत किती मिलिमीटर सुटलं ते दाखवणारं छतात बसवलेलं साधन.

रूफ बोल्टला, म्हणजे थर एकत्र बांधायला छतात बसवायच्या सळईला, उशीर नको. थर सुटायच्या आत बोल्ट लागला तर ते मिळून एक जाड तुळई होतात. नंतर लावलेला बोल्ट फार तर वरच्या घट्ट थराला खालचं वजन टांगून धरतो, तेही तिथवर पोचला तर. टेल-टेलच्या वहीतही एकूण मिलिमीटरआधी मागच्या रीडिंगपासूनची वाढ बघा. वाढीचा वेग चढता दिसला की आधी माणसं मागे घ्या, फोन त्यानंतर.