साथीच्या दिवसांत बीपी वाढला तर: दवाखान्यात कधी पळायचं अन् कधी घरीच थांबायचं

मशीनवर १९० दिसला की घरात धावपळ सुरू होते. कोणी लिंबूपाणी आणतं, कोणी तळपाय चोळतं, कोणी शेजाऱ्याला गाडी काढायला लावतं. अन् साथ सुरू असली की बरोबर उलटं होतं, म्हणजे माणसाच्या छातीत दुखून राहिलं तरी घरचे म्हणतात थांबा थोडं, दवाखान्यात कोरोना आहे. मी नागपुरात औषधाच्या दुकानात बसतो, २०२० अन् २०२१ मध्ये हे दोन्ही प्रकार काउंटरवरून रोज पाहिले, म्हणून साथ परत कधी आली तर लोकांच्या हाताशी असावं म्हणून लिहून राहिलो. माझं सांगणं एकच आहे, नुसता आकडा पाहून पळू नका अन् त्रास होत असेल तर साथीला भिऊन घरी बसू नका.

ज्याच्या घरी आत्ता त्रास सुरू आहे त्याने एवढंच वाचून फोन उचलावा. वरचा १८० च्या वर किंवा खालचा १२० च्या वर गेला आहे अन् सोबत छातीत दुखतं किंवा दाबल्यासारखं वाटतं, दम लागतो, आडवं झोपलं की जास्तच लागतो, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळतं, माणूस भलतंच बोलतो किंवा गुंगीत आहे, झटका (फिट) आला, डोळ्यांना अचानक अंधूक दिसतं, कधी नव्हे इतकं डोकं दुखून उलट्या होतात, पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ येते, यातलं एक जरी असलं तरी १०८ लावा. अन् यातलं काही होत असेल पण बीपी १५० च दाखवते तरी जायचंच, कारण हार्ट अटॅक अन् लकवा बीपी पाहून येत नाही.

गरोदर बाईचं गणित वेगळं आहे. पाचव्या महिन्यानंतर १४०/९० च्या वर गेला तरी त्याच दिवशी डॉक्टरला कळवा, अन् १६०/११० झाला, किंवा डोकं दुखतं, डोळ्यांसमोर चमकतं, छातीखाली पोटात दुखतं असं असेल तर ताबडतोब न्या. तिच्यासाठी १०२ ची गाडी आहे, १०८ पण येते.

आता ज्यांना त्रास काहीच नाही, फक्त आकडा मोठा आहे त्यांच्यासाठी. आधी तो आकडा खरा आहे का ते पाहा. दुकानात लोक मोजायला येतात ते बर्डीवरून उन्हातान्हात गाडी चालवत येतात, तोंडात तंबाखूचा खर्रा असतो, स्टुलावर बसल्याबसल्या हात पुढे करतात अन् मोजता मोजता फोनवर बोलतात. असा मोजला तर कोणाचाही जास्त येईल. अर्धा तास आधी चहा, खर्रा, बिडी, जिना चढणं काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीवर बसा, दिवाणवर पाय लोंबकळत ठेवून नाही, दोन्ही तळपाय जमिनीवर, पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसा. शर्टाची बाही वर ओढून तिचा करकचून वेढा होत असेल तर शर्टच काढा, पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मधल्या लेव्हलला येईल. दंड जाड असेल अन् पट्टा लहान असेल तर आकडा फुकटचा वाढून येतो, त्यांनी मोठा पट्टा मागून घ्यावा. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा अन् दोन्ही आकडे वेळेसकट लिहा. मनगटावरच्या मशीनवर फार विसंबू नका, दंडाचीच चांगली.

हे सगळं करूनही १८० च्या वर आहे पण माणूस नीट बोलतो आहे, दुखत खुपत काही नाही, तर ही आजच डॉक्टरला फोन करायची गोष्ट आहे, कॅज्युअल्टीत पळायची नाही. लोकांना हे पटत नाही, म्हणतात २०० आहे अन् तुम्ही थांबा म्हणता? त्याचं कारण सांगतो. ज्याचा बीपी वर्षानुवर्षं वाढलेला आहे त्याच्या मेंदूच्या नसा त्या दाबाला सरावलेल्या असतात, तो एकदम खाली आणला तर मेंदूला रक्त कमी पडतं अन् नसलेला लकवा येऊ शकतो. म्हणून तर आयसीयूत सुद्धा, काही मोजके आजार सोडले तर, पहिल्या तासात साधारण चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उतरवत नाहीत, बाकीचा हळूहळू एक-दोन दिवसांत. त्रास नसलेल्या माणसाला गोळ्या नीट बसवून काही दिवसांत खाली आणायचा असतो.

म्हणूनच एक हात जोडून विनंती. "भाऊ, ती जिभेखाली फोडून टाकायची कॅप्सूल द्या न, बाबांचा २०० झाला" असं म्हणत लोक येतात. ती निफेडिपिनची कॅप्सूल, अन् तिने बीपी कधी धाडकन किती पडेल याचा काही नेम नसतो, त्याने हार्ट अटॅक अन् लकवा आल्याच्या नोंदी आहेत. मागू नका, शेजाऱ्याने दिली तरी देऊ नका. तसंच आपली रोजची गोळी दुप्पट नको, दुसऱ्याच्या पाकिटातली नको. रोजची गोळी राहून गेली असेल तर ती एक घ्या, शांत बसा, डॉक्टरला आकडे सांगा.

अन् राहून गेली का हे खरंच विचारा, कारण साथीच्या दिवसांत बीपी वाढायचं सगळ्यात साधं कारण तेच असतं. दुकान बंद, बाहेर जायची भीती, मुलगा पुण्यात अडकला, गोळ्या संपल्या, दोन दिवस गेले, चार दिवस गेले. क्लोनिडिन किंवा मेटोप्रोलोलसारखी गोळी अशी एकदम तुटली तर बीपी उसळी मारून वर जातो. महिनाभराच्या गोळ्या घरात जास्तीच्या ठेवा. चिठ्ठी जुनी झाली असेल तर फोनवर डॉक्टर लिहून देऊ शकतात, मार्च २०२० मध्ये सरकारने त्याचे नियम काढले आहेत, अन् ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या मोफत डॉक्टर भेटतो.

दुसरं कारण म्हणजे साथीत आपण पोटात काय काय टाकतो ते. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करायला फिनाइलएफ्रिन असतं, ते बीपी वाढवतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतलं तर ते पण वाढवतं, बीपीवाल्याने तापाला साधी पॅरासिटामॉल घ्यावी, अन् ती पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. कोरोनात डॉक्टरने स्टेरॉइड दिलं असेल तर बीपी अन् शुगर दोन्ही वर जाऊ शकतात, ते मनाने बंद करायचं नाही पण रोज मोजायचं. अन् काढा! तुळस, सुंठ, दालचिनी ठीक आहे, पण लोकांनी त्यात मूठमूठ ज्येष्ठमध टाकलं अन् दिवसातून तीनदा प्यायले. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं अन् बीपी चढवतं. बीपीची गोळी सुरू असणाऱ्याने काढ्यातून ते काढूनच टाकावं.

तिसरी गोष्ट अफवेची. २०२० च्या मार्चमध्ये मोबाइलवर फिरलं की टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना कोरोना जास्त होतो, अन् बऱ्याच लोकांनी गोळ्या बंद केल्या. त्याच महिन्यात युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोग तज्ज्ञांच्या संस्थांनी सांगितलं की बंद करू नका, नंतर ब्राझीलमध्ये दवाखान्यात भरती ६५९ कोरोना पेशंटवर तपासून पाहिलं, गोळी थांबवणारे अन् चालू ठेवणारे यांच्यात फरक निघाला नाही. पुढच्या साथीत पण असं काहीतरी येईलच, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आता जायचं ठरलं तर. गाडी येईपर्यंत दम लागणाऱ्याला पाठीला उशा लावून बसतं ठेवा, गुंगीतल्या किंवा उलटी करणाऱ्याला कुशीवर वळवा, फिट आली असेल तर दातांमध्ये चमचा घालू नका. तोंड वाकडं झालं असेल तर पाण्याचा घोट सुद्धा नको, ठसका लागून फुप्फुसात जातं, अन् घरी ॲस्पिरिन देऊ नका, मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर नुकसान होईल. पेशंटला स्वतःला गाडी चालवू देऊ नका, दुचाकीवर मधोमध बसवून नेणं तर बिलकुल नाही.

कुठे न्यायचं हे आजच ठरवून ठेवा, त्या वेळी डोकं चालत नाही. आपल्याकडे नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स हे सरकारी दवाखाने आहेत, गरोदर बाईसाठी डागा दवाखाना आहे. पण कोरोनात मेडिकल-मेयोचा मोठा भाग कोविडला दिला होता, एप्रिल २०२१ मध्ये तर शहरात खाट मिळत नव्हती, तेव्हा घराजवळचे दोन खासगी दवाखाने पण पाहून ठेवा जिथे रात्री ईसीजी अन् सीटी स्कॅन होतं, त्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवा. एक माणूस पेशंटजवळ, दुसऱ्याने निघतानाच फोन करून विचारायचं, सीटी सुरू आहे का, खाट आहे का. लकव्याला हे फार लागतं, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्याच्याही आधी सीटी व्हायला हवं. त्यामुळे माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ घड्याळ पाहून लिहा. झोपेतून उठल्यावर दिसलं असेल तर रात्री किती वाजता झोपला ते.

पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या (नाव आठवत बसण्यापेक्षा पट्ट्याच न्या), जुना ईसीजी, आधार, रेशन कार्ड, चार्जर, पाण्याची बाटली. मोफत उपचारांची सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुली केली होती, योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, भरतीच्या वेळी त्याला आधी भेटा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर मोठमोठ्याने "बीपी वाढला, बीपी वाढला" ओरडून फायदा नाही, साथीच्या गर्दीत तिथले डॉक्टर-सिस्टर आधीच दमलेले असतात. दोन वाक्यांत सांगा: "सिस्टर, बाबा ६२ वर्षांचे, टेल्मिसार्टन ४० सुरू आहे, सकाळी सव्वानऊला उजवा हात लुळा पडला, घरी २१०/११५ होता. ताप-खोकला नाही, घरात कोणाला कोरोना नाही." ताप-खोकला असेल तर तोही खरा सांगा, लपवलं तर चुकीच्या रांगेत बसवतील अन् शेजारच्याला लागण होईल. टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत बाहेर थांबा असं कोणी म्हटलं तर शांतपणे पण ठामपणे सांगा की आधी प्राथमिक उपचार करा, टेस्ट सोबत चालू द्या. जीव वाचवायचे तातडीचे उपचार देणं हे सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. तिथे खाट नसेलच तर ईसीजी अन् पहिलं औषध तिथे घेऊन, चिठ्ठी लिहून घेऊन, त्यांच्याच अँब्युलन्समधून पुढे न्या.

पेशंटसोबत एकच माणूस, तो पण तरणाताठा. आईला कितीही वाटलं तरी तिला बाकड्यावर बसवून ठेवू नका, तिला घरी फोनवर सांगत राहा. दोघांना नाकावरून घट्ट बसणारा मास्क, दम लागून राहिला असेल तर पेशंटचा मास्क काढायचा की नाही ते सिस्टरला विचारा. परत आल्यावर कपडे बादलीत, आंघोळ, अन् पाच-सात दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून जरा लांब.

घरी सोडतील तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी आहेत का पाहा: ईसीजी अन् क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट, कोणती जुनी गोळी बंद अन् कोणती नवी सुरू, पुढची तारीख. नवी गोळी सुरू झाली की जुनीही चालू ठेवणारे पुष्कळ आहेत, अन् मग चक्कर येऊन पडतात, म्हणून दोन्ही पट्ट्या हातात धरून सिस्टरकडून समजून घ्या. त्यानंतर सात दिवस सकाळी गोळीच्या आधी अन् रात्री, दोन-दोनदा मोजून वहीत लिहा. निघतानाच विचारून ठेवा की त्या पानाचा फोटो फोनवर पाठवला तर चालेल का, म्हणजे साथीत पुन्हा रांगेत उभं राहायचं काम पडणार नाही.