गुहा उभारण्याआधी: बालवर्गातल्या अस्वल-आठवड्याची तयारी

सगळ्यात आधी कोणतं अस्वल आणायचं ते ठरवा. जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत, त्यातल्या चार भारतात. नाशिकच्या मुलांना पहिल्यांदा भेटायला हवं ते आपलं मेळघाट-ताडोबातलं काळं, झिपरं अस्वल, ज्याच्या छातीवर पांढरट इंग्रजी व्ही असतो. दुकानातलं टेडी घरी प्रत्येकाकडे आहेच, ते वर्गात नको. बर्फातलं पांढरं अस्वलही पुढच्या खेपेला ठेवा.

हा आठवडा जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. तेव्हा बाजारात बोरं असतात, आणि द्राक्षांचा हंगाम असल्याने पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेट्या मागितल्या की मिळतात. पेट्यांना पिना असतील तर स्वतः बसून काढा. मोठ्या पेट्यांची गुहा होते, लहान पेट्यांवर माती-रंगाचा कागद चिकटवला की वारूळ. गुहेवर घोंगडी किंवा जाड चादर टाका, पण दोन्ही बाजू उघड्या ठेवा. अंधाराला घाबरणारं एखादं मूल असतंच, त्याला दार दिसत राहायला हवं.

वारुळाच्या खेळाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण अस्वलाची खरी गंमत तिथे आहे. ते नखांनी वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि ओठांची नळी करून वाळवी ओढतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ओढणं सोपं जातं. ज्यांचे दुधाचे दात पडलेत ती मुलं हे ऐकून किती खूश होतात, ते बघाच! खेळासाठी कागदी नळ्या घ्या, दर मुलाला वेगळी, नाव घातलेली. वाळवी म्हणून कागदाचे तुकडे, नळीच्या तोंडापेक्षा ठसठशीत मोठे, म्हणजे ओढल्यावर टोकाला चिकटतील, घशात जाणार नाहीत. आधी फुंकर, मग ओढणं, हा क्रम मुलं एकदा करून दाखवल्यावर विसरत नाहीत. नखं जाड पुठ्ठ्याची, लांब आणि वाकडी कापा, टोकं गोल ठेवा, एका पंज्याला पाच. मांजरीसारखी ती आत ओढता येत नाहीत, हेही सांगा.

वासाच्या खेळाला छोट्या डब्या लागतील: गूळ, लिंबाची साल, लसूण, चहापूड. अस्वलाची नजर अधू, नाक मात्र तल्लख, म्हणून मुलांनी डोळे मिटून ओळखायचं. खाऊला बोरं द्याल तर बिया काढून. मध द्यायचा असेल तर आधी पालकांना विचारा.

अस्वलीण पिलांना पाठीवर बसवून हिंडते. हे कळलं की मुलं एकमेकांच्या पाठीवर चढणारच, म्हणून आधीच मोज्यांची पिल्लं शिवून ठेवा आणि जुन्या ओढण्या जमवा. पिल्लू पाठीला बांधून चार पायांवर चालायचं. पाळी पाळीने आई होऊ द्या, मुलगेही आई होतील.

भिंतीवरचे तक्ते तपासा. ‘अस्वल हिवाळाभर झोपतं’ असं लिहिलं असेल तर काढा. हिमालयातली अस्वलं झोपतात, आपलं झोपत नाही. नाकात दोरी ओवलेल्या, नाचणाऱ्या अस्वलाचं चित्रही नको. एखादे आजोबा दरवेश्याची आठवण सांगायला येणार असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या: १९७२ च्या कायद्याने अस्वलाला संरक्षण आहे, आणि त्या दोरीने त्याला दुखायचं, एवढं त्यांनी मुलांना नक्की सांगावं. गोष्टीसाठी जांबुवंत आहेच, पंचवटीतल्या मुलांना तो नवा नाही. हनुमानाला त्याच्या शक्तीची आठवण करून देणारा म्हातारा अस्वल व्हायला वर्गातलं शांत मूलही पुढे येतं.

खेळ सुरू झाला की तुम्ही गुहेत शिरू नका. बाहेर वहीपेन्सिल घेऊन बसा आणि मुलांचे प्रश्न टिपा, दुसऱ्या दिवशीची तयारी त्यांच्यावरूनच होईल. खरं अस्वल दिसलं तर जवळ जायचं नाही, मोठ्यांना सांगायचं, हे मात्र रोज घरी सोडताना एकदा म्हणवून घ्या. आदल्या संध्याकाळी पालकांना निरोप पाठवा: गुडघे मळतील, जुने कपडे घालून पाठवा.