डायमंड कट अलॉय परत नवे करायचेत? शॉपमध्ये द्यायच्या आधी हे वाचा

अलॉय व्हीलवरच्या लॅकरखाली (वरचा पारदर्शक थर) पांढऱ्या नागमोडी रेघा पसरायला लागल्या की लोक आधी कंपाउंड, पॉलिश, टूथपेस्ट, घरात जे असेल ते घेऊन घासत बसतात. ते जाणार नाही. पाणी लॅकरच्या खाली शिरलंय आणि आत अॅल्युमिनियम गंजतंय, वरून कितीही घासा काय फरक पडणार?

हे व्हील बनतं कसं ते आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. आधी अख्ख्या व्हीलला काळा किंवा ग्रे कोट मारतात, मग सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणारं, व्हील फिरवत तासणारं मशीन) लावून हिऱ्याच्या टोकाच्या टूलने समोरचा भाग अगदी पातळ तासतात, रंग निघून खालचं चकचकीत मेटल उघडं पडतं आणि त्यावर फक्त क्लिअर लॅकर बसतो, प्रायमर नाही की रंग नाही. त्यात धारदार कडांवर लॅकर पातळच बसतो, म्हणून फुटपाथला घासलं किंवा खडी लागली की सुरुवात कडेपासूनच होते. आणि म्हणूनच घरी सँडपेपर मारू नका, टूलने उमटलेल्या बारीक गोल रेषा गेल्या की परत फक्त लेथच आणू शकतो.

पहिला निर्णय म्हणजे परत कट करायचं की नाही. प्रत्येक कटिंगला थोडं मेटल जातं, त्यामुळे एका व्हीलला साधारण दोनदा, फार तर तीनदा कट करतात. सेकंडहँड गाडी असेल तर आधी किती वेळा झालंय ते कोणालाच माहीत नसतं. माझं स्पष्ट मत, मुंबईत समुद्राजवळ किंवा कोकणात राहत असाल तर सरळ सिंगल कलर पावडर कोट (पावडर फवारून भट्टीत भाजलेला रंग) करून टाका, खाऱ्या हवेत डायमंड कटचे लाड परवडत नाहीत. दिसायला थोडं कमी, पण टिकतं.

तरी कटच पाहिजे असेल तर शॉपवाल्याला पहिला प्रश्न विचारा, लेथ तुमच्याकडे आहे का? काही जण व्हील फिरवून हाताने पेपर मारतात आणि वर लॅकर मारून डायमंड कट म्हणून देतात.

टायर काढला की आतली कड नीट लाइट मारून बघायची. आपल्याकडचे खड्डे बघता मार तिथेच बसलेला असतो. क्रॅक असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, ते व्हील भंगारात. नुसतं वाकलं असेल तर आधी सरळ करून घ्यायचं, नाहीतर लेथवर एका बाजूने जास्त तासलं जातं आणि दुसऱ्या बाजूला जुना रंग तसाच राहतो. व्हॉल्व्ह आणि असेल तर टायर प्रेशरचा सेन्सर काढलाय ना ते बघा, कारण पुढे भट्टी आहे, पावडर साधारण 180 ते 200 डिग्रीला भाजतात.

मग केमिकलने जुना कोट काढणं, ब्लास्टिंग (बारीक कणांचा जोरात मारा करून साफ करणं), नवा बेस कोट, भट्टी. बाहेरच्या कडेला खोल घाव असेल तर तो अॅल्युमिनियम वेल्डने भरावा लागतो. पुटी इथे चालत नाही, सिंगल कलरमध्ये रंगाखाली झाकली जाते पण कट केल्यावर चकचकीत मेटलच्या मध्ये मातकट ठिगळ दिसतं. कटिंग झाल्यावर उघड्या मेटलला हात लावायचा नाही (घामाचे डाग लॅकरखाली कायमचे अडकतात) आणि लॅकर त्याच दिवशी बसला पाहिजे. हे काम भर पावसाळ्यात शक्यतो टाळाच.

व्हील घेताना उन्हात तिरपं धरा, रेषा केंद्राभोवती एकसारख्या दिसल्या पाहिजेत. स्पोकच्या कडांवर बोट फिरवा, खरखरीत लागलं तर तिथे लॅकर नीट बसलेला नाही. मागे हब टेकतो ती जागा आणि नट बसतात त्या सीट, तिथे रंगाचा जाड थर नको, तो नंतर दबतो आणि नट सैल पडतात. म्हणून टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करा आणि 50-100 किलोमीटरनंतर परत चेक करा.

बॅलन्सिंगवाल्यासमोर उभं राहा. कडेवर हातोडीने ठोकायचे क्लिपवाले वेट नकोत, आतून चिकटवायचेच पाहिजेत, नाहीतर पहिल्याच ठोक्याला नवा लॅकर उडेल. वॉशिंग सेंटरला पण सांगून ठेवा की अॅसिडवालं व्हील क्लीनर मारू नको, साधा कार शाम्पू बास, तोही व्हील थंड झाल्यावर.

आणि एकच व्हील खराब असेल तर? एकाचंच करता येतं, पण नव्या कटच्या रेषा आणि चमक कंपनीच्या कटशी तंतोतंत जुळेलच असं नाही. बजेट असेल तर त्या बाजूची पुढची-मागची दोन्ही एकदम करून घ्या, गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कोणाला दिसत नाहीत.