आईबाबांना विसरायला होतंय म्हणून एमआरआयला आणताना

'मेमरी लॉस, एमआरआय ब्रेन' एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन आमच्या चिंचवडच्या सेंटरमध्ये सतत कोणी ना कोणी येतं. मशीन मी चालवते, म्हणून कळकळीने सांगते: येण्याआधी घरी बसून अर्धं पान लिहून काढा. विसरणं कधीपासून, हळूहळू वाढलं की एकदम? गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे घसरून पडले का? पाय घासत चालतात का, लघवी आवरत नाही का? हे विचारण्याला कारण आहे. उतारवयात डोक्याला बसलेल्या साध्या मारानेही कधी कधी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि काही आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. चाल, लघवी आणि स्मरण तिन्ही बिघडलं असेल तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढलंय का ते बघतात. या दोन्हींवर अनेकदा इलाज होतो, आणि रेडिओलॉजिस्टला, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, तुमचा कागद हातात असला की ते नेमकं तिकडे बघतात.

त्याच कागदावर झोप, जेवण, घरात कोणी गेलं का, हेही लिहा. डिप्रेशन एमआरआयवर दिसत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. काहीही विचारलं की "मला काही आठवत नाही, विचारू नका" एवढंच म्हणायचे. बायको गेल्यापासून त्यांनी पेपरही उघडला नव्हता, हे मुलीने फॉर्म भरता भरता सांगितलं. मी तिला ते चिठ्ठीवर लिहायला लावलं. डिप्रेशनमध्ये माणूस बरेचदा स्वतःच तक्रार करतो, डिमेन्शियात, म्हणजे मेंदूच्या आजारामुळे स्मरण आणि समज ढासळते तेव्हा, "मला कुठे काय झालंय!" म्हणतो आणि काही विचारलं की उत्तरासाठी सुनेकडे बघतो. हा काही पक्का नियम नव्हे, दोन्ही एकत्रही असतात. शिवाय स्मरणाशी जोडलेला हिप्पोकॅम्पस हा भाग जुन्या डिप्रेशनमध्येही लहान दिसू शकतो. म्हणून स्मरणाची चाचणी, उदासीची १५ प्रश्नांची प्रश्नावली, रक्तातलं थायरॉइड आणि बी-१२ हे सगळं फोटोइतकंच महत्त्वाचं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

आता मशीनचं. ते म्हणजे एक मोठं चुंबक, अंगातलं-अंगावरचं लोखंड ओढतं. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड आणाच. काही चालतात, पण कार्ड बघितल्याशिवाय आम्ही आत सोडत नाही. ऑपरेशनमध्ये मेंदूत बसवलेली क्लिप, कानातलं इम्प्लांट आधीच सांगा. आमच्या भागात कारखान्यात लेथ-ग्राइंडरवर हयात घालवलेले आजोबा खूप. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे त्यांना आठवत नसेल तर आजींना विचारा. बायकांच्या पदराची सेफ्टी पिन निघते, परकराच्या नाडीजवळची राहून जाते, तीही बघा. कवळी काढायची. कानाचं मशीन मात्र सगळ्यात शेवटी, आवाज किती मोठा येईल आणि आम्हाला बोलवायला हातातला फुगा कधी दाबायचा हे समजावून झाल्यावर.

साधारण २० ते ३० मिनिटं मान हलवायची नाही. लघवीला नेऊन आणा. झोपेची गोळी मनाने देऊ नका. घाबरत असतील तर अंगावरचं धातूचं सगळं काढून तुम्हाला आत थांबता येईल का, ते विचारा. पायाला हात लावून कोणी उभं असलं की बरेच जण शांत पडून राहतात.

रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार अ‍ॅट्रॉफी' (मेंदू आक्रसणं) वाचून रडू नका, तो डिमेन्शियाचा शिक्का नाही. हिप्पोकॅम्पसच्या भागातलं आक्रसणं ० ते ४ अशा श्रेणीत मोजतात. पंचाहत्तरीनंतर २ बहुधा वयाचंच धरतात, साठीत तेच २ जास्त गंभीरपणे घेतात. डॉक्टरांना दोन्ही बाजूंचा आकडा विचारा, आणि बारीक रक्तवाहिन्यांमुळे पडलेले पांढरे डाग किती आहेत तेही. पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचं काम कुठे मंदावलंय ते दाखवणारी वेगळी तपासणी, न्यूरोलॉजिस्टने (मेंदूच्या डॉक्टरांनी) सांगितला तरच करा, तो खर्चिक आहे.

फिल्मवर मोजकेच फोटो असतात, म्हणून सीडी मागून घ्या. पुढे पुन्हा स्कॅन करायची वेळ आली तर जुनी सीडी सोबत आणा. आधीचा मेंदू शेजारी ठेवून बघितला की फरक किती वेगाने पडतोय ते कळतं.