ब्रसेल्स स्प्राउट्सचे गड्डे उघडे पडत होते, औंदा जमले

मागच्या साली या बारक्या कोबीवाणी भाजीची रोपं जुलैमधीच लावली अन् तिथंच चुकलं, ऑक्टोबरच्या उन्हात गड्डे आवळलेच नाही, गुलाबावाणी उघडे, वरून मावा कीड. लय जीव तुटला. याला थंडी लागते, 15 ते 18 अंशात गड्डा घट्ट धरते. म्हणून औंदा सप्टेंबरच्या शेवटी ट्रेमधी बी टाकलं, महिन्याभरानं वावरात लावलं, बुडाची माती पायानं दाबून पक्की केली (भुसभुशीत नकोच), खालची पिवळी पानं काढत गेलो अन् खालचे गड्डे बोराएवढे झाले तसा शेंडा खुडला. जानेवारीच्या शेवटी पाह्यलं त कंच्यासारखे टणक!

जास्त उकडू नका, वास सुटते. दोन फाका करून लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर लसूण-तिखटात परतायचे, वरून सांबार (कोथिंबीर), भाकरीसंगं.