मचाणावर चढण्याआधी पट्टा

हरणाच्या शिकारीला झाडावर मचाण बांधलं की बरेच जण वर टेकल्यावर मग पडू नये म्हणून बांधायचा पट्टा शोधतात. पण घसरायला होतं ते चढता-उतरताना, त्यातही शिडीवरचा पाय मचाणावर टाकण्याच्या त्या एका क्षणी. म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पट्ट्यांचा संच, जमिनीवरच चढवा आणि झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेल्या सुरक्षा-दोरीत अडकवूनच पहिली पायरी चढा. नुसता कमरपट्टा नको. लटकलात तर श्वास कोंडेल. हार्नेसमध्येही फार वेळ लोंबकळणं धोक्याचं, मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. पाय टेकवायला दोरीचा एक फास खिशात असू द्या.

बंदूक खांद्याला लावून चढू नका. गोळ्या काढा, नळी खाली राहील अशी दोरीला बांधा, आणि वर बसून पट्टा अडकवल्यावरच ओढून घ्या. उतरताना उलट क्रम.

उंचीचा सोस मात्र नको. पंधरा-वीस फूट पुष्कळ झाले. त्याहून वर गेलात तर नेम इतका तिरका होतो की दोन्ही फुफ्फुसं एका रेषेत मिळत नाहीत, आणि जखमी जनावर शोधत फिरावं लागतं. गोळी पलीकडून कुठे बाहेर पडेल ते आधी डोळ्यांसमोर आणा.

शिवाय उंचीमुळे वास लपतोच असं नाही. संध्याकाळी हवा थंड होऊन उताराकडे सरकते आणि तुमचा वास खाली घेऊन जाते. तेव्हा संध्याकाळी मचाण हरणांच्या वाटेपेक्षा उताराच्या खालच्या बाजूला हवं.